विक्रीसाठी नसलेला नमुना

आमच्या कंपनीत 'नमुना' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जायचा. एक म्हणजे दुकानदारांना बघायला द्यायची लहान बाटली. दुसरा म्हणजे त्या बाटल्या ज्यांच्या ताब्यात असायच्या त्या बाई. "नमुना भेटला का?" असं कुणी विचारलं की समोरचा हमखास म्हणायचा, "कुठला? कपाटातला की कपाटापुढचा?" हे बाईंच्या कानावर कैकदा गेलं असणार. त्यांनी एकदाच उत्तर दिलं. "कपाटापुढचा आहे म्हणून कपाटातला जागेवर आहे," म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

बाई शिक्षिका नव्हत्या. पण मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना त्या शाळेतल्यासारखं उभं करायच्या, म्हणून सगळेच त्यांना बाई म्हणत. लहानखुरी चण, काठाची सुती साडी, आणि केसांत माकुणसार गावच्या घरच्या बागेतलं एखादं फूल. ते फूल सोडलं तर त्यांच्यात मऊ म्हणावं असं काही मला पहिली दोन वर्षं दिसलं नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची आयुर्वेदिक औषधांची छोटी कंपनी. आधी चूर्णं, काढे, केसांचं तेल एवढंच चालायचं. मग मालकांनी विजयेचं औषधी तेल काढायचं ठरवलं. विजया म्हणजे भांग. वैद्यकात तिला हे भारदस्त नाव आहे आणि सरकारदरबारी तिची तेवढीच भारदस्त धास्ती. पाला विकत घेणाऱ्याला परवाना, तेल करणाऱ्याला परवाना, विकणाऱ्याला परवाना. नमुन्याची बाटली अंगठ्याएवढी असली तरी ती परवानेवाल्याकडून परवानेवाल्याकडेच जाणार. तीही दुकानातल्या वैद्याने पारखून बघण्यापुरती, पुढे कुणाला वाटण्यासाठी नाही. कुठली बाटली कुठल्या दुकानात गेली, उरलंसुरलं परत आलं का, सगळ्याचा माग राहिला पाहिजे. हे सगळं बाईंकडे होतं.

आणि मी मार्केटिंगला. म्हणजे कंपनीने मला नमुने बाहेर पोचवायला ठेवलं होतं आणि बाईंना ते सहजासहजी बाहेर जाऊ न द्यायला. दोघंही आपापलं काम चोख करत होतो. त्याचा मनस्ताप मात्र एकट्या मला व्हायचा.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो.

"बाई, एक नमुना हवाय. पालघरच्या एका दुकानदाराला दाखवायचाय."

"परवाना बघितलात?"

"भिंतीवर लावलाय त्यांनी."

"भिंतीवर गणपतीचा फोटोही असतो. त्याची मुदत कुणी बघत नाही. परवान्याची बघावी लागते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी जाताना वाट वाकडी करून त्या स्वतः त्या दुकानात गेल्या, चष्मा लावून भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि मुदत संपली आहे असं दुकानदाराला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर सांगून आल्या. दुकानदाराने मला फोन केला. तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने परवाना नवा करून घेतला, पण माझा माल पुढे कितीतरी दिवस घेतला नाही.

बाई मला नावाने हाक मारत नसत. "अहो मार्केटिंग!" असं म्हणत. हिशेबनीसाला "अहो अकाउंट्स!" वसाहतीतल्या बाकीच्या कंपन्यांत एकमेकांना सर, मॅडम चालायचं, आमच्याकडे खाती खात्यांशी भांडत असल्यासारखं वाटायचं.

त्यांची दोन वाक्यं मला इतक्यांदा ऐकावी लागली की झोपेत विचारलं तरी सांगेन. "नमुना लहान असतो, नियम लहान नसतो" हे एक. दुसरं, "फुकट वस्तूला पाय जास्त असतात." हे दुसरं त्या स्वतःही पाळायच्या. पालघरच्या बाजारात फळवाल्याने आंब्याची फोड पुढे केली तर घ्यायच्या नाहीत. "चाखायला दिलेलंसुद्धा दिलेलंच असतं," म्हणून अख्खा आंबा विकत घ्यायच्या आणि तो आंबट निघाला तर निमूटपणे आंबटच खायच्या. कंपनीत कुणी पेढे वाटले तर हात पुढे करण्याआधी विचारायच्या, "कुणाकडून? कशाबद्दल?" एकदा पॅकिंगमधल्या एका मुलीने सत्यनारायणाचा प्रसाद आणला, तेव्हाही त्यांच्या तोंडून "कुणाकडून?" गेलं. मुलगी गोंधळून म्हणाली, "देवाकडून, बाई." तो प्रसाद मात्र त्यांनी बिनशर्त घेतला.

मालकांची त्यांनी काय अवस्था केली होती, ते सांगायला हवं. मालकांच्या सासूबाईंचे गुडघे दुखायचे. मालक एके दिवशी सहज आल्यासारखे कपाटापाशी आले.

"बाई, एक बाटली द्या बरं. घरी हवीय."

"विक्रीची हवी असेल तर वैद्यांची चिठ्ठी घेऊन दुकानातून घ्या. नमुन्याची हवी असेल तर सासूबाईंचा परवाना दाखवा."

"अहो, कंपनी माझी आहे!"

"म्हणून परवानाही तुमच्याच नावावर आहे. गेला तर तुमचाच जाईल. हरकत असेल तर मला लेखी द्या."

हे "लेखी द्या" त्यांचं ब्रह्मास्त्र होतं. मालक कधी लेखी देत नसत. शेवटी पालघरच्या वैद्यांकडे सासूबाईंना घेऊन गेले, रांगेत बसले, चिठ्ठी आणली आणि स्वतःच्या कंपनीचं तेल दुकानातून विकत घेतलं. दुकानदाराने त्यांना ओळखलं नाही. "कंपनी चांगली आहे, माल चोख असतो," असं वर सांगितलं. मालक ही गोष्ट पुढे अभिमानाने सांगायला लागले, पण त्या दिवशी त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

होळीला तर कहर. पॅकिंगमध्ये उत्तर प्रदेशातली बरीच पोरं. भांगेच्या कंपनीत काम करायचं आणि होळीला कोरडं राहायचं, हे त्यांना पटत नसे. "मैडम, होली है, थोड़ा सैंपल हो जाए," असं कुणीतरी दरवर्षी म्हणायचं. बाई तितक्याच ठामपणे म्हणायच्या, "होली है. सैंपल नहीं है." एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं. पण धुळवडीच्या सुट्टीला मी एकदा राहिलेली बॅग घ्यायला कंपनीत गेलो, तर वॉचमन कपाळाला हात लावून म्हणाला, "साहब, मैडम सुबह से बैठी हैं. फली छील रही हैं." आत जाऊन बघतो तर सगळी वसाहत रंगलेली आणि बाई कपाटाच्या बंद खोलीच्या दारात खुर्ची टाकून मांडीवर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या.

"बाई, आज सुट्टी आहे!"

"कपाटाला कुठे आहे?"

अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं? मी दुकानदारांकडे जाऊन गोड बोलायचो, ओळखी काढायचो, चहा पाजायचो. बाई एका फोनवर सगळं पाण्यात घालायच्या. मी मालकांना दोनदा सांगितलं, मला दुसरं काही विकायला द्या. मालक म्हणाले, "मलाही द्या."

मग ते सफाळ्याचं प्रकरण झालं.

सफाळ्याहून एका वैद्यांचा फोन आला. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंना आमच्या तेलाने गुंगी येऊन चक्कर आली होती आणि त्या ओटीवर पडल्या होत्या. जबर लागलं नव्हतं, पण घरचे घाबरले होते. बाटली नमुन्याची होती. पालघरच्या एका दुकानदाराने आपल्याकडचा नमुना नात्यातल्या या घरात देऊन टाकला होता. बाटलीवरच्या क्रमांकावरून बाईंनी हे चहा निवायच्या आत शोधून काढलं. तिथवर सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं.

त्यानंतर त्यांनी अख्खी बॅच थांबवली. नमुने तर परत मागवलेच, पण त्याच बॅचच्या विक्रीच्या बाटल्याही दुकानांतून उचलल्या. आधीची बॅच केव्हाच संपली होती. पुढचीला पाला मिळायचा होता. म्हणजे बाजारात आमच्या तेलाचा थेंब उरला नाही. तपासणीसाठी बाटल्या मुंबईच्या प्रयोगशाळेत गेल्या.

मालक ओरडले, मी विनवण्या केल्या. "एका म्हातारीला चक्कर आली म्हणून?"

"दुसरीला यायची वाट बघू का?" बाई म्हणाल्या. "हरकत असेल तर लेखी द्या."

आता नमुने गोळा करायचे. हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ते वाटले होते मी. बाई म्हणाल्या, "मी येते बरोबर." ऐन उन्हाळ्यात माझ्या गाडीत बसून आम्ही पालघर, बोईसर, केळवे असे भटकलो. बहुतेक दुकानदारांनी बाटल्या दिल्या आणि वर मला ऐकवलं. बोईसरचा एक दुकानदार मात्र मान खाजवायला लागला. त्याच्या दुकानासमोर मासे विकायला बसणाऱ्या एका मावशींना त्याने ती बाटली देऊन टाकली होती. मावशी मुरबे गावच्या. तीन दिवस बाजारात आल्या नव्हत्या.

"चला," बाई म्हणाल्या.

"बाई, एका बाटलीसाठी मुरब्याला?"

त्या गाडीत जाऊन बसल्यासुद्धा.

मुरब्यात घर सापडलं. अंगणात बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते. मावशी दारातच बसल्या होत्या. आमच्या येण्याचं कारण ऐकून त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ती बाटली मना दिलेली हाय. दिलेली वस्तू परत मागतात काय कोन?"

"त्याने ती द्यायला नको होती," बाई म्हणाल्या.

"मंग त्याला जाऊन बोला. माजे हात बगा आधी."

त्यांनी हात पुढे केले. बर्फात नि मिठाच्या पाण्यात जन्म गेलेले हात. बोटं पुरती मिटत नव्हती. बाईंनी ते आपल्या हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले आणि एकदम वेगळ्याच आवाजात बोलल्या. मी त्यांचं ते बोलणं कधी ऐकलं नव्हतं.

"कशी घेता औषध? किती थेंब?"

"थेंब कशाला? चोळते हातांना."

"ते चोळायचं नाय, मावशी. पोटात घ्यायचं हाय."

"चोळून बरा वाटतं त मी काय करू?"

 बाईंना बाटली हवीच होती. "त्यात कायतरी बिघाड असंल. आमी तपासतोय. द्या ती."

"देते. बदल्यात दुसरी आनून देनार तुमी?"

"नाय. त्याला वैद्याची चिठ्ठी लागते."

"मंग येवढ्या लांब आल्या कशाला, नाय नाय बोलायला?"

मनातल्या मनात मी मावशींना हात जोडले. इतकी वर्षं जे मला विचारायचं होतं ते त्यांनी एका दमात विचारलं होतं.

बाटली मिळाली. निघताना मावशींनी सुक्या बोंबलांची जुडी बाईंच्या हातात कोंबली. बाई मागे सरकल्या. "नको, नको. हे कशाबद्दल?"

मावशींचा पारा चढला. "माजी बाटली नेली आनि माजे बोंबील नाय नेनार?"

बाई तशाच उभ्या राहिल्या. एका हातात बाटली, दुसऱ्यात बोंबील, आणि कुठलाच नियम आठवत नसल्याचा चेहरा. शेवटी त्यांनी ते घेतले. गाडीत बसल्यावर निम्मे मोजून माझ्या पुढ्यात ठेवले. "तुम्ही होतात तिथे," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी उशीर झाला होता, म्हणून मी त्यांना माकुणसारपर्यंत सोडलं. नारळी-चिकूच्या वाडीत बसकं कौलारू घर. पडवीत खाट होती आणि तिच्यावर बाईंचे यजमान. इतका बारीक झालेला माणूस मी जवळून बघितला नव्हता. कॅन्सर हाडांत उतरला होता. बाईंनी ऑफिसात कुणालाच हे सांगितलं नव्हतं.

"या, या," ते हसून म्हणाले. "तुमीच काय ते मार्केटिंग? रोज जेवताना तुमचा नाव निघतो."

बाई आत पाणी आणायला गेल्या. मी इकडेतिकडे बघत होतो आणि माझी नजर खाटेशेजारच्या फळीवर गेली. तिथे आमच्याच तेलाची मोठी बाटली, विक्रीची, एका वाटीत उपडी ठेवली होती. आतलं चिकटलेलं उतरून यावं म्हणून. वाटी कोरडी होती.

"संपली कवाच," ते म्हणाले. "दवाखान्याच्या गोळ्या हायत. पन डोळा लागतो तो या तेलानं. दुसऱ्या कंपनीचा आनला, तो पोटात ठरला नाय." मग त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मी उठून अंगणात गेलो.

बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"बाई, तुमच्या कपाटात भरलेल्या बाटल्या आहेत."

"आहेत."

"एक आणा."

"त्या थांबवलेल्या आहेत."

"कुणी थांबवल्यात? तुम्हीच ना?"

"मीच."

"वैद्यांची चिठ्ठी आहे, माणूस तळमळतोय, आणि तुम्ही..." माझा आवाज चढला होता. "बाई, हा नियम नाही, हा हट्ट आहे!"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आज आपण दहा दुकानांतून बाटल्या काढून आणल्या. त्या मावशींच्या हातातून ओढून घेतली. त्यात बिघाड असेल असं सांगून. तीच बाटली मी ह्यांना देऊ? ह्यांच्या अंगात आता चक्कर सोसायची ताकद आहे का? तेल चांगलं आहे हे तुम्हाला नक्की माहीत असेल तर सांगा, मी आत्ता येते तुमच्याबरोबर."

मला माहीत नव्हतं.  उत्तर नसलं की राग कमी होतो म्हणतात, माझा वाढला. परत येताना सगळा रस्ता मी त्यांना शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत न जाता मी सरळ सफाळ्याला त्या म्हाताऱ्या आजींच्या घरी गेलो. आजी ठणठणीत बसल्या होत्या. सुनेला विचारलं, तेल कसं देत होता?

"चमच्यानं, भाऊ. खोकल्याचं औषध देतो तसं. बाटलीला थेंब पाडायचं काही नव्हतंच."

खरंच नव्हतं. विक्रीच्या बाटलीला थेंबनळी असायची. नमुन्याच्या बाटलीला मालकांनी साधं झाकण लावायला सांगितलं होतं, दुकानदाराला नुसतं बघायचंच तर असतं म्हणून. थेंबांनी घ्यायचं औषध आजींनी चमच्याने घेतलं होतं. चक्कर येणार नाही तर काय होईल!

मी जवळजवळ धावत बाईंच्या टेबलापाशी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. डोळे सुजलेले होते.

"बरं झालं, कळलं," त्या म्हणाल्या. "आता रिपोर्ट येऊ द्या."

"रिपोर्ट? अजून रिपोर्ट?"

"सूनबाई सांगतात ते खरं असेल. तरी तेलही बिघडलेलं असू शकतं. दोन्ही एकदम असू शकतं."

मी जाऊन मालकांना बाईंच्या घरचं सगळं सांगितलं.  मालक उठले, कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा लेखी दिलं. बाईंना एक बाटली देण्यात यावी, खाली सही. तो कागद घेऊन ते स्वतः कपाटापाशी गेले.

बाईंनी कागद वाचला, नीट घडी घातली आणि परत केला. "थांबवलेला माल सहीने सुटत नाही. तपासणीने सुटतो."

"मग इतकी वर्षं लेखी द्या, लेखी द्या, असं कशाला म्हणत होतात?"

"तुम्ही देणार नाही म्हणून."

मालक खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी प्रयोगशाळेला फोन लावला. मग मी लावला. पुढचे सगळे दिवस आम्ही दोघं आळीपाळीने त्या प्रयोगशाळेचा जीव खात होतो. बाई वेळेवर येत होत्या, वेळेवर जात होत्या, आणि केसांत फूल नसायचं.

एकदा मी पुन्हा माकुणसारला गेलो. बाईंना सांगितलं नाही, त्या कामावर होत्या. काही फळं घेऊन गेलो होतो. त्यांचे यजमान जागेच होते.

"हिला बोलू नका," ते म्हणाले. मी काही बोलायच्या आतच. "मी बोललोय पोटभर. चोरून आन, सांगितलं. रडलोसुद्दा. नाय आनली. माजे पाय मांडीवर घेऊन बसते, चेपत."

"राग नाही आला?"

"येनार नाय? माजी बायको नाय, चेकनाका हाय ती." ते हसायला गेले आणि दुखलं म्हणून थांबले. मग म्हणाले, "पन एक सांगतो. तिच्या हातचा काय पन असू दे, मी कवा विचारलं नाय हे काय हाय. डोळे मिटून पितो. येवढा कोनाच्या नशिबात असतो?"

मी फळं ठेवून निघालो. मला त्यांचं म्हणणं पटलं असं म्हणणार नाही. आजही पुरतं पटलेलं नाही.

रिपोर्ट आला. तेल निर्दोष होतं. बाईंनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत वाचला, तेव्हा मी आणि मालक त्यांच्या टेबलापुढे शाळेतल्या पोरांसारखे उभे. मग त्यांनी बॅच सोडली. मी म्हणालो, आता एक बाटली उचला आणि चला. त्यांनी दुकानांची यादी माझ्यापुढे सरकवली. बाटल्यांची खोकी दुकानात जाणार, आणि दुकानातून चिठ्ठीवर बाटली मिळणार. ठीक आहे. मी पालघरच्या दुकानाचं खोकं माझ्याच गाडीत टाकलं, पावतीसकट, आणि बाईंना शेजारी बसवलं.

दुकानात एक गिऱ्हाईक केसांच्या तेलावरून हुज्जत घालत होतं. बाई त्याच्या मागे उभ्या राहिल्या. मी दुकानदाराला खुणावलं, बाईंना आधी सोड. बाई म्हणाल्या, "त्यांचं होऊ द्या." गिऱ्हाइकाला दोन तेलांतलं कुठलं घ्यावं ते ठरत नव्हतं. मी पुढे होऊन म्हटलं, "हे घ्या, मी बनवणाऱ्या कंपनीतला आहे, डोकं भरून केस येतील." तो माझ्या टकलाकडे बघत निघून गेला. मग बाईंनी चिठ्ठी दिली आणि बाटली घेतली.

माकुणसारला पोचलो. त्या खाटेपाशी बसल्या आणि बाटलीचं सील उघडायला लागल्या. निघेना. हजारो सीलं तपासलेल्या बाईंनी पदराने धरून ओढून पाहिलं. मी ती घेऊन उघडून दिली. त्यांनी थेंब मोजून दिले. यजमानांनी डोळे मिटूनच तोंड उघडलं.

मी अंगणात थांबलो. बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या. पडवीतून घोरण्याचा आवाज येत होता.

"झोपले," त्या म्हणाल्या. तोंडावर पदर धरून जरा वेळ उभ्या राहिल्या. मग पदर सोडला. "नमुन्याच्या बाटलीलाही थेंबनळी लागेल. उद्या मालकांशी बोलू. तुम्हीही या."

त्यांचे यजमान त्यानंतर काही महिने होते. शेवटपर्यंत तेल चालू होतं, आणि दर वेळी ते दुकानातूनच आलं. ते गेल्यावर आम्ही सगळे माकुणसारला जाऊन आलो. मुरब्याच्या मावशीही आल्या होत्या. त्यांना बाईंनी मधल्या काळात वैद्यांकडे नेऊन चिठ्ठी मिळवून दिली होती, हे मला तिथे कळलं. मावशी अजूनही तेल हातांना चोळतच होत्या.

दिवसकार्य उरकून बाई कामावर आल्या, त्या सरळ माझ्या टेबलापाशी. पिशवीतून त्यांनी बाटली काढली आणि ठेवली. विक्रीची, मोठी, वापरलेली.

"ही परत घ्या."

"बाई, ही विकलेली बाटली आहे. विकलेला माल परत घ्यायची आपल्याकडे सोय नाही."

"मग करा."

"अहो, नमुना असता तर गोष्ट वेगळी. ही तुमची आहे. विकत घेतलेली."

"चिठ्ठी त्यांच्या नावाची होती. माझ्या नाही."

आजच्या दिवशीसुद्धा! मला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं आणि दुसरं काही करताही येत नव्हतं. "राहू द्या ना घरात," मी शक्य तितक्या हळू म्हणालो. "कोण विचारायला येणार आहे तुम्हाला?"

"विचारणारं कुणी राहिलं नाही," बाई म्हणाल्या, "म्हणून तर आणली."

मी कागद ओढला आणि पावती लिहायला घेतली. बॅच लिहिली, तारीख लिहिली. किती तेल शिल्लक आहे तेही लिहायला हवं होतं, पण मला काही सुचेना. मी मान वर केली.

"बाटलीकडे बघून लिहा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघून नको."